‘मला पटत नाही’ म्हणणाऱ्याला सतरंजीवर जागा

अध्यात्माच्या चर्चेत मतभेद मिटवण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली दटावणीची. ‘आधी साधना करा, मग प्रश्न विचारा’, ‘हा बुद्धीचा प्रांत नाही’, ‘तुमचा अजून तेवढा अधिकार नाही’. दुसरी रीत गोड आहे. कुणी काही वेगळे म्हटले की वक्ते हसून म्हणतात, ‘अहो, शेवटी सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात, फरक आहे तो शब्दांचा.’ मंडळी माना डोलावतात, वेगळे बोलणारा गप्प बसतो आणि वर्ग पुढच्या ओवीकडे वळतो. दटावणीचा निदान राग तरी येतो, तिच्याशी भांडता येते. गोड रीतीशी भांडायला गेले तर भांडणाराच कोत्या मनाचा ठरतो. ज्ञानेश्वरीचे अभ्यासवर्ग, गीता मंडळे, उपनिषदांची सामूहिक वाचने, सत्संग अशा ठिकाणी मी बरीच वर्षे बसत आले आहे. तिथल्या मोकळेपणाला आज खरा धोका या दुसऱ्या रीतीचाच आहे असे मला वाटते.

समजा, अशा वर्गात बौद्ध घरातली एक तरुणी येते. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याच्या अविनाशीपणाचे विवेचन चालू आहे. ती म्हणते, ‘बुद्धाने असा नित्य आत्मा मानलेला नाही. आणि मलाही तो मानण्याचे कारण दिसत नाही.’ तिला उत्तर मिळते, ‘तुम्ही ज्याला शून्य म्हणता त्यालाच आम्ही ब्रह्म म्हणतो.’ उत्तर देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला तिला सामावूनच घ्यायचे असते. पण तिने मांडलेले मत या उत्तराने पुसून टाकले. अनात्मवाद हा एक स्पष्ट दावा आहे. तुम्ही जे नित्य म्हणून धरून बसला आहात ते नाही, आणि ते धरून ठेवण्यातच दुःखाचे मूळ आहे, असा तो दावा. त्यावर ‘तेच आम्ही म्हणतो’ म्हणणे म्हणजे बुद्धाला आपण काय म्हणतो आहोत ते कळत नव्हते असे म्हणणे. जैन दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही. इस्लामला ईश्वराच्या एकत्वात कुणाचाही वाटा मान्य नाही. ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेच्या मध्यभागी इतिहासात एकदा घडलेली एक घटना आहे, आणि ती घडली की नाही यावर त्याच्या लेखी सगळे अवलंबून आहे. या सगळ्यांना ‘एकच’ म्हणताना आपण प्रत्येकाच्या म्हणण्यातला कणा काढून घेतो आणि उरलेल्याला मिठी मारतो.

यात आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. सगळे मार्ग जिथे जातात म्हणून सांगितले जाते ते ठिकाण बहुतेक वेळा सांगणाऱ्याचेच असते. अद्वैती माणूस सगळ्यांना अद्वैतात पोचवतो. त्याला कधी वाटत नाही की सगळे मार्ग निर्वाणात जात असतील, किंवा कुठेच जात नसतील.

आपली परंपराच अशी सर्वसमावेशक आहे, असे यावर सांगितले जाते. म्हणून परंपरेकडेच जाऊ. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’चे दुसरे प्रकरण सबंध गुरुस्तवनाचे आहे. निवृत्तिनाथांपुढे इतके लीन होऊन मराठीत क्वचितच कुणी लिहिले असेल. त्याला लागूनच तिसरे प्रकरण येते. त्यात ते म्हणतात की ज्ञान हेही बंधनच आहे, आणि आधार देतात ते शिवसूत्राचा आणि गीतेचा. शिवसूत्रात साक्षात शिव हे सांगतो. गीतेत श्रीकृष्ण सांगतो की सत्त्वगुण ज्ञानाच्या दोरीने बांधतो. त्यांच्या श्रोत्यांच्या दृष्टीने याहून मोठे आधार असणे शक्य नव्हते. आणि मग ही ओवी येते:

परी शिवें कां श्रीवल्लभें । बोलिलें येणेंचि लोभें ।
मानूं तेंही लाभे । न बोलतांही ॥

शिव किंवा श्रीकृष्ण बोलले एवढ्याच लोभाने मी हे मानतो असे नाही. ते बोलले नसते तरी हे असेच असते. गुरूपुढे संपूर्ण नमलेला माणूस पुढच्याच प्रकरणात देवाच्या शब्दालाही केवळ देवाचा शब्द म्हणून मान्यता देत नाही. शरणागती आणि स्वतंत्र बुद्धी यांत एकाची निवड करावी लागते ही कल्पना ज्ञानदेवांची नाही, ती नंतर आपल्या सोयीची झाली. आणि हेच ज्ञानदेव सातव्या प्रकरणात अज्ञानवादाचे, म्हणजे अज्ञान नावाची काही वस्तू खरोखर आहे या मताचे, खंडन करायला बसतात तेव्हा ‘तुमचेही बरोबर, आमचेही बरोबर’ म्हणत नाहीत. एकेक युक्तिवाद घेतात, उलटासुलटा करून पाहतात आणि टिकत नाही असे दाखवतात. संपूर्ण ग्रंथातले सर्वांत मोठे प्रकरण हेच आहे.

यातूनच एक जुना वाद निघाला आहे, आणि तो अजून संपलेला नाही. ज्ञानदेव शंकराचार्यांच्या वाटेने जाणारे मायावादी, की जग हा चैतन्याचाच विलास मानणारे चिद्विलासवादी? गेल्या शतकात मराठी अभ्यासकांनी या दोन्ही बाजूंनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. सांप्रदायिक टीका एक सांगते, विद्यापीठातले अभ्यासक दुसरे सांगतात, आणि त्यांच्यातही एकमत नाही. जग खोटे आहे की देवाचे अंग आहे, यावर तुमचे सगळे वागणे ठरू शकते इतका हा प्रश्न मूलभूत आहे. तरीही वर्षानुवर्षे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या कितीतरी मंडळांत असा वाद आहे हेच कुणाला ठाऊक नसते. वक्त्याच्या हातात जी सार्थ प्रत असते तिचा अर्थ हाच ज्ञानदेवांचा अर्थ, असे धरून चालतात. कुणी दुसरी प्रत घेऊन आले तर वातावरण थोडे ताठरते.

पाठ जपणे ही एक गोष्ट आणि अर्थ गोठवणे ही वेगळी. एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी मध्ये घुसडलेल्या ओव्या आणि बिघडलेले शब्द त्यांनी काढले. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे, असा कडक शब्दही त्यांनी लिहून ठेवला. पाठाच्या बाबतीत एवढा काटेकोर असलेला हा माणूस अर्थाच्या बाबतीत किती मोकळा होता ते त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दिसते. दोघे समोरासमोर उभे राहतात आणि मनात असेल नसेल ते सगळे बोलून टाकतात. तुर्क मूर्तिपूजेवर आणि पुराणातल्या देवांच्या कथांवर तुटून पडतो. हिंदूही त्याच्या आचारातल्या विसंगती दाखवायला मागेपुढे पाहत नाही. आज हे भारूड एखाद्या चौकात कुणी सादर केले तर काय होईल याची मला धास्ती वाटते. शेवटी ते दोघे एकमेकांना आलिंगन देतात हे खरे, आणि एकोप्याच्या भाषणांत तेवढेच सांगितले जाते. पण ते आलिंगन सगळे बोलून झाल्यानंतरचे आहे. मधला भाग कापून ते मिळत नाही. पैठणसारख्या क्षेत्रात, सुलतानी अमलाखाली राहून एकनाथांनी तुर्काच्या तोंडी घातलेले आक्षेप लेचेपेचे नाहीत. आपल्या लोकांना झोंबतील असेच ते आहेत.

संत सर्वांना सर्व काही मान्य करणारे होते, हा समजही एकदा तपासायला हवा. तुकोबांनी शाक्तांवर जे अभंग लिहिले ते आज सभेत मोठ्याने वाचवत नाहीत. वारकरी आणि चक्रधरस्वामींचे अनुयायी महानुभाव यांच्यात शतकानुशतके कडवटपणा होता. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वाहावा भार माथां’ असे म्हणणारे तुकोबा आपल्या मताबद्दल तसूभरही साशंक नाहीत. मन मोकळे असणे म्हणजे मत पातळ असणे असा गैरसमज आपण करून घेतला आहे. तुकोबांचे मत घट्ट होते, आणि ते त्यांनी बहुसंख्यांच्या जोरावर धरलेले नव्हते: ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ मोकळेपणा पाहायचा तर तो विरोधकाशी वागण्यात पाहावा. ज्या रामेश्वर भटांनी तुकोबांच्या कवित्वाला आक्षेप घेतला, ज्यांच्यामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या अशी कथा आहे, त्यांचीच ‘आरती तुकारामा’ आज घराघरांत म्हटली जाते. विरोधकाला परत यायला दार उघडे होते. आपल्या मंडळांतून एकदा वाद घालून उठलेला माणूस पुन्हा येतो का, हा प्रश्न प्रत्येक संचालकाने स्वतःला विचारावा.

मतभेद जपून ठेवण्याची माझ्या मते सर्वांत सुंदर मराठी तऱ्हा ‘लीळाचरित्रा’त आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या. मूळ ग्रंथ पुढे धामधुमीत हरवला आणि अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. स्मरणे अर्थातच जुळली नाहीत. मग त्यांनी काय करावे? हिराइसेच्या पाठात अमुक, परशरामबासांच्या पाठात तमुक, रामेश्वरबासांच्या पाठात आणखी वेगळे, असे भेद नोंदवून ठेवले. ज्याला ते साक्षात परमेश्वर मानत होते त्याच्या शब्दांबद्दलच्या या नोंदी आहेत. इतका मोठा विषय असूनही एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळावेत असे त्यांना वाटले नाही. आणि याच ग्रंथात महदाइसा आहे, जी प्रश्न विचारायची थांबत नाही. तिच्या प्रश्नांनी चक्रधरस्वामी त्रासत नाहीत. ती जिज्ञासक आहे, चर्चक आहे, असे म्हणून तिचे कौतुक करतात. आजच्या सत्संगात सतत प्रश्न विचारणाऱ्या बाईला कोणती विशेषणे मिळतात ते तिथे जाणाऱ्या बायकांना विचारून पाहावे.

पण महानुभावांच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. बाहेरचा समाज वैरी झाला तसे त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाचकाला आपल्या भाषेतल्या या आद्य गद्याचा पत्ता नव्हता. मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेचेही असेच झाले. जातिभेद मोडायचा, एकत्र जेवायचे, मूर्तिपूजा सोडायची, हे सगळे गुप्तपणे. सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. वेगळे मत मांडणाऱ्याला बाहेर किंमत मोजावी लागत असेल तर आतला मोकळेपणा फार दिवस टिकत नाही. म्हणून मंडळातली चर्चा किती मोकळी आहे हे मंडळाबाहेर, घरी, सोसायटीत, नातेवाइकांत त्या माणसाचे काय होते यावरही ठरते.

इथपर्यंत मतांविषयी बोलले. माणसांविषयी बोलायचे राहिले आहे, आणि माझ्या लेखी तो भाग अधिक मोठा आहे.

सोयराबाई विचारते की देहाचा विटाळ देहातच जन्मला, तर मग शुद्ध तो कोण? चोखोबा म्हणतात, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा.’ बहिणाबाई तर शास्त्राचा निकाल स्वतःच्या विरोधात मांडून दाखवते: वेद हाका देतात, पुराणे गर्जतात की स्त्रीच्या संगतीत हित नाही, आणि माझा तर सहजच स्त्रीचा देह, मग परमार्थाची सोय मला कशी? हे अभंग लपवलेले नाहीत. ते गाथ्यात छापलेले आहेत, कीर्तनांत गायले जातात, त्यांवर टाळ वाजतो. विचारांची विविधता म्हणाल तर ती आपल्या ग्रंथांत शेकडो वर्षे आहे. आणि तरीही १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. चोखोबांचे अभंग आत गायले जात होते आणि त्यांचे वंशज नामदेव पायरीच्या बाहेर उभे होते. पाचशे-सहाशे वर्षे हे दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकले, ही गोष्ट कोणत्याही अध्यात्म मंडळाने नीट डोळ्यांपुढे ठेवावी. ग्रंथातला वेगळा आवाज आणि सतरंजीवरचा वेगळा माणूस यांत केवढे अंतर असू शकते ते त्यातून कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आणि १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. चोखोबांविषयी आदर आणि चोखोबांच्या मार्गाला नकार, हे दोन्ही एकाच माणसात होते. आपल्या वर्गांत चोखोबांवर प्रवचन होते तेव्हा हा नकार कुणी उच्चारतो का? ज्या समाजातून चोखोबा आले त्या समाजाने त्यांच्या भक्तीचे पुढे काय केले, का सोडली, हा चोखोबांच्या अभ्यासाचाच भाग आहे. त्या समाजातला कुणी वर्गात असेल तर त्याला तो मांडता यावा. आणि मांडल्यावर ‘संतांनी जात मानली नाही हो’ एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये. असा कुणी वर्गात नसेल तर का नाही, याचाही विचार व्हावा. सहसा उत्तर सोपे असते: वर्ग ज्या वस्तीत भरतो, ज्यांच्या घरी भरतो, ज्यांच्या ओळखीने माणसे येतात, ते सगळे एकाच थरातले असतात. दोनचार वेगळी पुस्तके वाचून ही उणीव भरून निघत नाही.

आता या सगळ्यावरचा आक्षेप. तो मला पोकळ वाटत नाही. साधक म्हणतात, अध्यात्म म्हणजे वादविवाद मंडळ नाही. मन शांत व्हावे म्हणून आम्ही येतो, दर आठवड्याला आत्मा आहे की नाही यावर मतदान घ्यायला नाही. कठोपनिषद सांगते की ही बुद्धी तर्काने मिळत नाही. समर्थांनीही मनाच्या श्लोकांत सांगितले, ‘जनी वाद वेवाद सोडूनि द्यावा.’ आणि हेही खरे की काही जण केवळ जिंकायला येतात. कुठल्याही वाक्यावर त्यांचा हात वर होतो, उत्तर ऐकायला ते थांबत नाहीत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचा जीव मेटाकुटीला येतो.

यातले पुष्कळ मला मान्य आहे. नामस्मरणाच्या मध्ये कुणी शंका काढू नये. हरिपाठ चालू असताना देव आहे का हे विचारू नये. उपासनेची वेळ उपासनेची असते, आणि ती जपण्याचा प्रत्येक मंडळाला हक्क आहे. पण ज्या तासाला आपण ‘अभ्यास’, ‘चर्चा’, ‘शंकासमाधान’ अशी नावे दिली आहेत त्या तासाला उपासनेचे नियम लावले की तिथे ना धड उपासना होते ना अभ्यास. समर्थांच्या त्याच श्लोकाची पुढची ओळ क्वचित कुणी म्हणते: ‘जनी वाद संवाद सूखे करावा.’ आणि ‘दासबोध’ उघडला तर पानोपानी श्रोता आशंका घेताना दिसतो. कधी तो वक्त्याला सरळ अडवतो, आधी असे म्हणालात आणि आता असे कसे, म्हणून विचारतो. समर्थांनी स्वतःच्या ग्रंथात असा श्रोता मुद्दाम बसवला. नेवाशाला ज्ञानदेवांपुढे बसलेल्या श्रोत्यांचाही आवाज ज्ञानेश्वरीत ऐकू येतो, आणि ज्ञानदेव त्यांना विनवतात की न्यून असेल ते पुरते करा आणि अधिक असेल ते सरते करा. तर्काने अनुभव मिळत नसेल, पण कुणाचा अनुभव खरा आणि कुणाची बतावणी, हे ओळखायला तर्काखेरीज आपल्या हातात दुसरे काय आहे?

इथेच या मोकळेपणाची मर्यादाही सांगायला हवी, कारण ‘सगळ्यांचे ऐकावे’ याचा सर्वाधिक फायदा आज ज्यांना मिळतो ते वेगळा विचार करणारे नाहीत. कुणी स्पर्शाने कर्करोग बरा करतो म्हणून सांगतो, कुणी पैसे घेऊन ग्रहदोष काढतो, कुणी शिष्येला एकांतात बोलावतो. अशा वेळी मंडळातले सुजाण लोक म्हणतात, ‘प्रत्येकाची श्रद्धा असते, आपण कोण बोलणार?’ आणि हेच लोक चमत्काराचा पुरावा मागणाऱ्याला मात्र नास्तिक म्हणून दूर बसवतात. हा पंक्तिप्रपंच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला विरोध आहे, असे वर्षानुवर्षे सांगत होते. जादूटोणाविरोधी विधेयकाला काही धार्मिक संघटनांनी विरोध केला. तसा विरोध करण्याचा त्यांना हक्क होता, आणि दाभोलकर त्यांच्याशी बोलतही राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नावाच्या पुलावर, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. ज्या राज्यात हे घडले तिथे अध्यात्माच्या वर्गात एखाद्या विवेकवाद्याला बोलावून त्याचे तासभर ऐकणे हा केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही. तसे मंडळ मी अजून शोधते आहे.

मग मतभेदांसह एकत्र राहणे कसे असते? त्याचे एक चित्र महात्मा फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या आपल्या अखेरच्या पुस्तकात दिले आहे. एकाच घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून हवे तर तो धर्म घ्यावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्माचे पुस्तक वाचून सत्यधर्मी व्हावे, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने राहावे. इथे कुणी कुणाला ‘तुझे-माझे एकच’ म्हणत नाही. चौघांचे चार धर्म आहेत आणि ते चारच राहतात. दुसरी गोष्ट, प्रत्येकाने आपले पुस्तक स्वतः वाचलेले आहे. आपण बुद्धाविषयी जे बोलतो ते बहुधा वेदान्त्यांच्या ग्रंथातून, इस्लामविषयी वर्तमानपत्रातून, चार्वाकाविषयी त्याच्या टीकाकारांकडून. चार्वाकाच्या बाबतीत नाइलाज आहे, त्याचे म्हणणे बहुतांश विरोधकांच्या लेखनातच उरले आहे. पण ते उरले ते मुख्यतः एका जुन्या शिस्तीमुळे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला तेव्हा सुरुवात चार्वाकापासून केली, मग बौद्ध, मग जैन. स्वतः वेदान्ती असून त्या मतांची बाजू त्यांनी अशी मांडली की आज आपण त्यांच्याच पुस्तकातून चार्वाक शिकतो.

पूर्वपक्षाची ही शिस्त मंडळांनी परत आणावी. दुसऱ्याचे मत खोडण्याआधी ते मांडून दाखवायचे, आणि ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे तो म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. ज्यांनी हे करून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की निम्मी भांडणे इथेच विरतात आणि उरलेली अधिक अवघड होतात, कारण मग खरा फरक उघडा पडतो. त्याबरोबर वक्त्याची जागा फिरती हवी. एकच माणूस पंधरा वर्षे अर्थ सांगत असेल तर तो कितीही विद्वान असो, बाकीच्यांचे विचार त्याच्या शब्दांत बोलू लागतात. अर्थ सांगण्याच्या पाळीत बायका हव्यात, तरुण हवेत. पाणी आणि प्रसाद देण्यापुरत्या नकोत. मुक्ताबाईने ताटीच्या अभंगांत थोरल्या भावाला उपदेश केला आणि त्याने दार उघडले, ही कथा सांगणाऱ्या मंडळांत धाकट्या माणसाने वक्त्याला सुधारले असे सहसा होत नाही.

येत्या आषाढीला चातुर्मास सुरू होईल आणि बरीच मंडळे नवा ग्रंथ लावतील. ज्यांच्याकडे ज्ञानेश्वरीची आवर्तने झाली आहेत त्यांनी या खेपेस ‘अमृतानुभव’ घ्यावा, आणि त्याच्या सातव्या प्रकरणावर घाई करू नये. एका सभासदाने चार महिने अज्ञानवाद्याची बाजू चालवावी, दर आठवड्याला पूर्ण तयारीने. शक्य तर एखाद्या बौद्ध अभ्यासकाला आणि एखाद्या निरीश्वरवाद्याला दोन बैठकांना बोलवावे, पाहुणे म्हणून हारतुरे देऊन नव्हे, बोलणारे म्हणून. जवळ एक वही ठेवावी. कुठल्या ओवीवर कुणाचे काय म्हणणे पडले, कुठे एकमत झाले आणि कुठे झाले नाही, हे तिच्यात नावानिशी लिहावे. कार्तिकी एकादशीनंतरच्या पहिल्या बैठकीत ती वही आरंभापासून सगळ्यांसमोर वाचावी, ‘पटले नाही’ म्हणून नोंदलेल्या मतांसकट.